राखणीचा कोंबडा

डोंगरावर नळाचं पाणी चढत नाही, पण बातमी चढते. खालच्या पायरीवर कोणी शिंकलं तर वरच्या पायरीवरून विचारणा येते, सर्दी झाली काय म्हणून. त्यामुळे वनमालानं सगळ्यांना एकच सांगून ठेवलेलं, "ह्यांची कंबर धरलीय."

कंबर म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही. लेथवर जन्म काढलेला माणूस, त्याची कंबर नाही धरणार तर कोणाची धरणार? साकीनाक्याच्या गाळ्यात सीताराम परबनं उभ्या उभ्या लोखंड सोललं. मग शेठनं मशिनी विकल्या, गाळा भाड्यानं दिला आणि वसईला कॉम्प्युटरवालं मशीन टाकलं. त्या मशीनला सीताराम लागत नव्हता, बटण दाबणारा पोरगा लागत होता. गणपतीत सीताराम मोकळा झाला. दसऱ्यापर्यंत गाळे पालथे घातले. दिवाळीत आडवा झाला, तो उठलाच नाही.

कंबर ठणठणीत होती. बाकीचाच माणूस धरला गेला होता, आणि कशानं ते कोणाला सांगता येत नव्हतं.

असल्फ्याच्या डोंगरावर त्यांची एक खोली. वर पत्रा, आत पोटमाळा, दाराबाहेर पाण्याचं निळं पिंप. सीताराम भिंतीकडे तोंड करून पडायचा. भिंतीचा रंग जिथं पोपडे धरून आला होता तिथं नखानं खरवडत राहायचा. दाढी वाढली. बनियनला आंबूस वास यायला लागला. ताट ठेवलं की दोन घास, नाहीतर तसंच. काही विचारलं तर "हं."

वनमाला पहाटे उठून खाली पोळी-भाजी केंद्रात जायची. दुपारपर्यंत पोळ्या लाटायच्या. मनगटं सुजायची, तव्याच्या वाफेनं हाताची लव जळून गेलेली. घरी येऊन बघावं तर माणूस सकाळी ठेवला तसाच. एखादं गाठोडं ठेवून जावं आणि परत येऊन बघावं, तसा.

मानसी मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरला होती. वय विशीचं, तोंड तिखट. एक दिवस ती बॅग आपटून म्हणाली, "आई, ह्याला डिप्रेशन म्हणतात. पालिकेच्या हॉस्पिटलात ओपीडी असते. घेऊन जाऊ ना."

"कसली ओपीडी?"

"मनाच्या डॉक्टरची."

भिंतीकडून आवाज आला. कितीतरी दिवसांनी एवढा मोठा. "मला काय येडा समजलात? मला काय झालंय?"

"काय झालं नाय तर उठ ना मग! आंघोळ कर!"

"मानसी!" वनमाला ओरडली.

सीताराम परत भिंतीकडे वळला. मानसी पोटमाळ्यावर चढली आणि वरून तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत राहिला. वनमाला कणीक तिंबत बसली. दिवसभर दुसऱ्याची कणीक तिंबायची आणि घरी येऊन आपली. हातांना फरक कळत नाही.

शेवटी तिनं खरं सांगितलं ते सोनूबाईला. सोनूबाई वरच्या आळीची म्हातारी, मालवणाकडची, डोंगरावरच्या कोकणवाल्यांची अर्धी आजी. तिनं पान चावत ऐकून घेतलं.

"गो बाय, ह्या दुखणा गोळयेचा न्हय," ती म्हणाली. "राखणदाराक सांग. कोंबो बोल."

राखणदार म्हणजे डोंगराच्या टाळूवर उंबराखाली शेंदूर फासलेला दगड. गिरणीतली माणसं पहिल्यांदा इथं झोपड्या बांधायला आली तेव्हा त्यांनी तो बसवला. गावी जशी वेशीवरच्या देवाला राखण देतात तशी इथंही दर वर्षी, पावसाआधी, कोंबडे द्यायचे आणि तिथंच शिजवून सगळ्यांनी जेवायचं. डोंगर इथला, देव गावचा.

"आताच कित्याक मोठो कोंबो घेतंस?" सोनूबाई म्हणाली. "पील घे. वाढव. राखणेक तयार होतलो."

इथं वनमालाची चूक झाली. चूक म्हणजे काय, घाई. नवस बोलताना माणसानं मोघम बोलावं. एक कोंबडा देईन म्हणावं, कुठला ते देवाला काय पडलंय? पण तिला वाटलं, मोघम बोललं तर देवही मोघमच ऐकेल. तिनं बाजारातून गावठी पिल्लू आणलं, ओंजळीत धरून थेट उंबराखाली नेलं, त्याच्या डोक्यावर तांदूळ टाकले आणि म्हणाली, "माझ्या घोवाक बरो कर. ह्योच तुका देतंय." सोनूबाईनं रीतीप्रमाणे त्याच्या डाव्या पायाचं मागचं नख कापलं. रक्ताचा एक थेंब दगडावर पडला. आता ते पिल्लू देवाचं. बदलायचं नाही, विकायचं नाही, हरवलं तर दंड.

घरी येऊन तिनं सांगितलं, "सोनूबाईनं सांभाळायला दिलंय." सीताराम "हं" म्हणाला.

पिल्लू टोपलीखाली झाकलेलं असायचं. दिवसभर चिव चिव. बायको कामावर, पोरगी कामावर, आणि खोलीत हे दोघं. एक भिंतीकडे तोंड करून, दुसरं टोपलीच्या भोकातून चोच काढून.

एका दुपारी वनमाला घरी आली तर दार सताड उघडं. आत सीताराम उकिडवा बसलेला. बनियन काढलेलं. बनियनच्या आत काहीतरी धरलेलं, आणि छातीवरच्या पांढऱ्या केसांवरून पाणी ओघळत होतं.

"काय झालं हो?"

"बादलीत पडलं," तो म्हणाला. "टोपली सरकवली ह्यानं. चढलं बादलीवर. पडलं."

बनियनमधून एक ओलं, चिकट, बोटाएवढं डोकं बाहेर आलं आणि चिवचिवलं.

"थंडी वाजतेय त्याला. बल्ब लाव."

पंचवीस वर्षं लोखंड धरलेली बोटं. कातलेल्या लोखंडाच्या चुऱ्यानं चामडीत निळे ठिपके बसलेले. त्या बोटांनी तो पिल्लाच्या पाठीवरचं पाणी निपटत होता, जसं मशीनमधून काढलेला बारीक पार्ट पुसतात. वनमालानं बल्ब लावला.  बोललं तर मोडेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तर तांदळाच्या डब्याचं झाकण उघडं होतं आणि फरशीवर कणी सांडलेली. तिसऱ्या दिवशी सीताराम दाराबाहेर पायरीवर बसला होता. दाढी तशीच, डोळे उन्हानं बारीक केलेले, आणि पिल्लू पायाशी माती उकरत होतं.

"आत घाणीत काय खाणार ते?" तो म्हणाला, जणू तिनं जाब विचारला होता.

मग खुराडा झाला. भंगारवाल्याकडची जाळी, फळीचे तुकडे, जुनी कडी. सीतारामनं कोपरे असे जुळवले की कागद घुसणार नाही. दार लावलं की टक्क करून बसायचं. मानसी बघत राहिली. "बाबा, कोंबड्याला बंगला बांधलास. आम्हाला कधी?"

"तुला कुठं मांजर धरायला येतंय?" तो म्हणाला.

मानसी आत गेली आणि पदर नव्हता म्हणून ओढणीत तोंड घालून हसली. मग रडली. बापानं उलट उत्तर दिलं होतं, म्हणून.

पिल्लाचा कोंबडा झाला. लाल, मानेवर सोनेरी, शेपटीला काळी निळी झाक. तुरा तांबडा भडक. आणि आवाज! पत्र्यावर पत्रा आपटावा तसा.

त्या आवाजानं भांडण आणलं. समोरच्या दारात सपना कांबळे राहायची. तिचा नवरा मिथुन रात्रपाळीचा, विमानतळावर सामान चढवायचा. सकाळी येऊन झोपला की कोंबडा सुरू.

"वहिनी, तुमच्या कोंबड्यानं माझ्या नवऱ्याची वाट लावली ना!" सपना पायरीवर उभी राहून म्हणाली. "काल झोपेत पायरी चुकला तो. ढोपर फुटलं. उद्या पाय मोडला तर कोंबडा जाणार का ड्युटीवर?"

वनमाला कमरेला हात लावून काही बोलणार, तेवढ्यात आतून सीताराम आला. शर्ट घातलेला. बटणं वरखाली लागलेली, पण शर्ट.

"मिथुन आला की मी ह्याला वर घेऊन जाईन," तो म्हणाला. "त्याची झोप होईपर्यंत आणत नाय खाली."

सपनानं त्याला खालून वर बघितलं. त्या माणसाला तिनं कित्येक महिन्यांत उभा बघितला नव्हता. "कंबर बरी दिसते काका," ती म्हणाली.

तेव्हापासून तो रोज कोंबडा काखेत मारून डोंगर चढायचा. वर मोकळी तांबडी माती, थोडी झुडपं, खाली घाटकोपर आणि मेट्रोचा पूल. कोंबडा उकरायचा, मातीत लोळायचा, पंख पसरून उन्हात पडायचा. सीताराम दगडावर बसून त्याच्यावर नजर ठेवायचा, घारी असतात. परत येऊन त्याला खुराड्यात सोडलं की खाली जाऊन पाण्याचा एक कॅन भरून आणायचा. एकदा कोंबड्याच्या तळव्याला गाठ आली तर त्यानं हळद नि खोबरेल तेल गरम करून बांधलं, चिंधी सोडवून रोज बघितलं. त्याच पातेल्यात मग त्यानं भात टाकला. वनमाला आली तेव्हा भात शिजलेला होता. थोडा लागलेला. तिनं तो लागलेला भात खरवडून खरवडून खाल्ला.

पण बरा झाला म्हणावं तर तसंही नव्हतं. होळीनंतर तो एका गाळ्यात काम विचारायला गेला. तिथल्या पोरानं मोबाइलमधून वर न बघता सांगितलं, "काका, आता आराम करा ना." सीताराम घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दोन्ही गुडघे पोटाशी.  सुरू झालं परत, वनमाला म्हणाली मनात.

सकाळ झाली. खुराड्यात कोंबडा ओरडायला लागला. ओरडत राहिला. दाणे नाहीत, पाणी नाही, दार उघडलेलं नाही. चोच जाळीवर आपटायला लागला. ऊन पायरीवर आलं तरी थांबेना. शेवटी सीताराम उठला. शिव्या देत उठला. "गप रे रांडेच्या! मरत नाय तू!" डब्यातून कणी घेतली, दार उघडलं, बसला त्याच्यासमोर.

वनमाला केंद्रात न जाता थांबली होती, दारामागून बघत होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "ह्याला माझं काय कळत नाय. कळून घ्यायचं पण नाय ह्याला. ह्याला दाणे पायजेत, बस." मग थोड्या वेळानं, "तुम्ही बघता ना माझ्याकडे, ते सोसत नाय गं."

मे महिना लागला. पत्रे असे तापले की दुपारी पोटमाळ्यावर हात लावला तर चटका. टँकरसाठी पायऱ्यांवर रांगा. आणि सोनूबाई काठी टेकत दारात आली.

"येत्या आयतवारी राखण. कोंबो बरो झालो हा हां. जड दिसता." तिनं खुराड्यात वाकून बघितलं. "तुजो घोव पण बरो झालो. देवान ऐकल्यान. आता दिल्लो शबुद राख."

वनमाला "होय" म्हणाली.  त्या दिवशी केंद्रात तिच्या पोळ्या करपल्या. मालकीण ओरडली.

नवस तिचाच. ज्यासाठी बोलली ते झालं. पण ते झालं कशानं? तो कोंबडा होता म्हणून. आता तोच द्यायचा. दिला तर माणूस परत भिंतीकडे वळणार. नाही दिला तर? देवानं दिलेलं देव परत घेतो, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. दोन्हीकडून घर तिचंच बुडत होतं.

"दुसरा आण ना बाजारातून," मानसी म्हणाली. "देवानं काय फोटो काढून ठेवलाय?"

"नख कापलंय त्याचं. बोलून दाखवलंय मी."

"मग सांग ना देवाला, सॉरी."

"थोबाड फोडीन."

सपनाला समोरच्या दारातून सगळं ऐकू जायचं. ती टँकरच्या रांगेत हळूच म्हणाली, "वहिनी, आमच्यात नवसबिवस नाय करत, मी काय बोलणार. पण एक सांगते. काका बसतात ना त्या कोंबड्याशी, त्यांचा चेहरा बघा एकदा." मग कळशी उचलताना, "माझा मिथुन पण म्हणतो, ओरडू दे. सवय झाली."

वनमालाला सीतारामला सांगायचं होतं. भांडी घासताना सांगू, भात वाढताना सांगू, असं करत शनिवार आला. संध्याकाळी तो कोंबड्याच्या पायावरची चिंधी सोडून तळवा बघत होता. गाठ बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "हा सोनूबाईचा नाय."

"म्हायत आहे."

"काय म्हायत आहे?"

"राखणीचा आहे. नख कापलेलं दिसत नाय होय मला? गावी आजा माझा राखण द्यायचा. बादलीतून काढला तेव्हाच बघितलं मी." तो कोंबड्याचा पाय अंगठ्यानं चोळत होता. "माझ्यासाठी बोललीस ना?"

तिनं मान हलवली.

"मग देऊया," तो म्हणाला. "शब्द दिलाय."

"आणि तुम्ही?"

"मला काय झालंय?" तो म्हणाला. पण ह्या वेळी आवाज चढला नाही. नुसतंच, सवयीनं म्हटल्यासारखं. तिला ते जास्त लागलं.

रविवारी सकाळीच डोंगराच्या टाळूवर माणसं जमली. तीन दगडांच्या चुली. मोठी पातेली. बायका खोबरं भाजत होत्या, पाट्यावर वाटप वाटत होत्या, घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेले. पुरुष लाकडं फोडत होते. कोंबडे पाय बांधून उंबराच्या मुळाशी ठेवलेले, धापा टाकत, चोची उघड्या. सीतारामनं आपला बांधला नव्हता. काखेत धरला होता. सकाळी त्याला ओल्या फडक्यानं पुसलं होतं, पंख साफ केले होते. स्वतःही दाढी केली होती. गालावर वस्ताऱ्यानं कापलेलं लाल दिसत होतं.

"काय परबानू, कोंबो तुमका सोडना नाय काय तुमी कोंब्याक?" चंद्रप्रकाश नाईक ओरडला. हा रिक्षावाला, जाडा, डोंगरावरचा सगळ्यात मोठा चेष्टेखोर. लग्न असो की मयत, ह्याची जीभ चालू. "आधी मुका तरी घ्या त्येचो!"

माणसं खदखदली. सीताराम हसला नाही. कोंबडा काखेत मान वळवून बघत होता, एका डोळ्यानं.

वनमाला बायकांच्या बाजूला मानसीच्या खांद्याला धरून उभी होती. पोरीचा खांदा ताठ झाला होता.

राऊळकाका पुढं आले. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. वय झालेलं, गिरणीच्या आवाजानं कान गेलेले, पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की आवाज तरुण व्हायचा. नारळ हातात धरला, डोळे मिटले.

"बा राखणदारा! आज ह्या डोंगरार तुजी लेकरां तुज्या पायाशी उबी हत. गाव सोडून इली, पोटासाठी इली, तूच त्येंका जागा दिलंस. वर्सभर दरड पडूक दिलंस नाय, आग लागूक दिलंस नाय. तसोच पुढेव सांबाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका दमात म्हटलं. पुरुष, बायका, कडेवरची पोरं. तो आवाज खाली उतारावर घरंगळत गेला.

एकेकाचं नाव, एकेकाचा नवस, एकेकाचा कोंबडा. कोणाला मुलगा झालेला, कोणाची नोकरी पक्की झालेली. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. दर वेळी एक जण कोंबडा घेऊन पुढं व्हायचा, मागं विळी घेऊन माणूस बसलेला होता.

"आणि ह्यो सीताराम परब," राऊळकाका म्हणाले. सीताराम पुढं झाला. "ह्येची कंबार धरलेली. घरात खाटयेर पडान होतो. ह्येच्या घरकारणीन तुका कोंबो बोललो. तिचा ऐकलंस आणि ह्येका खडखडीत बरो केलंस. त्येची ही राखण गोड मानून घे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा."

गर्दीचं "व्हय" अर्धं बाहेर आलं होतं, ते तोंडातच राहिलं. पहिल्यांदा कोणाला कळेना, बोललं कोण. गाऱ्हाण्याला "नाय" कोणी म्हणत नाही. म्हणायची जागाच नसते तिथं.

राऊळकाकांनी डोळे उघडले. "काय म्हणालंस?"

"नाय म्हणालो, काका." सीतारामनं कोंबडा काखेत घट्ट धरला. "देवासमोर खोटा नको. माझी कंबर कधी धरलीच नव्हती."

वनमालानं आजूबाजूला बघितलं. सगळा डोंगर उभा होता. सोनूबाई, केंद्रातल्या बायका, मानसीच्या दुकानातला पोरगा. इतके महिने ज्याच्यावर पदर ओढला, तेच हा माणूस शेंदरी दगडासमोर उघडं करत होता. थांबवावं असं वाटलं. तिनं मानसीचा खांदा आवळला.

"मग काय झाला होता?" काकांनी कानाला हात लावला.

"म्हायत नाय. उठवत नव्हतं. जेवण गिळत नव्हतं. असं वाटायचं, आपण नसलो तर जागा तरी रिकामी होईल घरात." तो मोठ्यानं बोलत होता, काका बहिरे म्हणून. सगळ्यांना ऐकू जात होतं. "अजून वाटतं. रोज नाय. पण वाटतं. हा ओरडतो म्हणून उठतो मी. मी बरो नाय झालंय, काका. बरो झाल्यावर घेवंदे देवानं. मी स्वतः आणून देईन."

कुठंतरी फोडणी करपल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.

"येडो झालो काय ह्यो?" मागून कोणीतरी पुटपुटलं. मानसी गर्रकन वळली, "कोण बोललं रे? पुढं येऊन बोल!" कोणी आलं नाही.

सोनूबाई काठी आपटत म्हणाली, "नवस फिरवक जमना नाय, राऊळा. नख कापलला हा."

राऊळकाका दगडाकडे बघत राहिले.  ओठ हलत होते, कोणाशी तरी बोलत असल्यासारखे. मग म्हणाले, "फिरवता कोण? मागला ता गावलाच नाय अजून, तर देणार काय?" नारळ परत दोन्ही हातांत धरला. डोळे मिटले. पण आता आवाज तरुण नव्हता. म्हाताऱ्याचाच होता.

"बा राखणदारा! आमची चूक झाली. नीट बगलाव नाय आमी. ह्या तुजा लेकरू अजून दुखण्यात आसा. खयच्या, ता माका ठावक नाय, तुका ठावक. वनमालान तुज्याकडे मागला ता देवचा आसा अजून. तवसर तुजो कोंबो ह्येच्या दारात रवांदे. ह्येका सकाळी उठव रे म्हाराजा!"

 वनमालाला डोंगराखालचे हॉर्न ऐकू आले, चुलीतली लाकडं तडकताना ऐकू आली. मग तिनंच तोंड उघडलं. एकटीनं.

"व्हय म्हाराजा!"

आवाज फाटला. पाठोपाठ मानसी. मग सोनूबाईनं, वैतागून का होईना, काठी टेकली आणि म्हटलं. मग बाकीचे. पहिल्यासारखं एका दमात नाही आलं ते. तुकड्या तुकड्यांनी, मागं पुढं होत आलं.

नारळ फुटला. विळीजवळचा माणूस पुढच्याचं नाव घ्यायला लागला.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा ऊन टाळूवर आलं होतं. पुरुष आधी, पत्रावळी उंबराच्या सावलीत मांडलेल्या. सीताराम टोकाला बसला. कोंबडा मांडीवर. त्याच्या शेजारी जो बसणार होता त्यानं पत्रावळ उचलली आणि चार माणसं सोडून पलीकडे नेऊन ठेवली.  सावली तिकडे जास्त आहे म्हणाला. सीतारामच्या बाजूची जागा रिकामी राहिली. तो पत्रावळीकडे बघत बसला.

वनमाला भाताची टोपली घेऊन वाढत होती. ती जागा तिला लांबूनच दिसली. तरी भात वाढत वाढत ती पुढं सरकत राहिली. वाढणाऱ्या बाईनं थांबायचं नसतं.

तिच्या पुढं चंद्रप्रकाश रश्श्याची बादली घेऊन चालला होता. प्रत्येकाला टोमणा मारत, "घे रे, लाजतंस काय, सासुरवाडीक इलंस?" करत तो टोकाला पोचला. ओगराळं वर उचललं. वनमालाला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार कोंबड्यावरून. बोलला तर टोपली त्याच्या डोक्यात घालायची, तिनं ठरवलं.

चंद्रप्रकाश वाकला. ओगराळं तसंच हवेत.

"परबानू," तो एवढ्या हळू म्हणाला की मागं उभी असलेली वनमालाच फक्त ऐकू शकली. "सकाळी डोळो उघडलो की हय..." त्यानं रिकाम्या हातानं छाती दाखवली. "हय कोण बसल्यासारख्या वाटता? उठाक देना नाय?"

सीतारामनं मान वर केली. "व्हय."

"रिक्षा चालू करूची आणि रडाक येता. भाडा मागं बसलेला असता." चंद्रप्रकाशनं हसायचा प्रयत्न केला. तोंड वाकडं झालं. ओगराळ्यातला रस्सा थेंब थेंब पत्रावळीवर गळत होता. "कोणाक सांगूचा?"

सीतारामनं कोंबडा एका काखेत घेतला. दुसऱ्या हातानं बाजूची रिकामी जागा झाडली, तिथली उंबरं, पाचोळा बाजूला केला.

"बस," तो म्हणाला.

चंद्रप्रकाशनं बादली खाली ठेवली आणि बसला. जड माणूस, जमिनीवर हात टेकून, हळूहळू.  कोंबड्यानं मान पुढं करून नव्या माणसाच्या शर्टाला चिकटलेलं भाताचं शीत उचललं.

"ए चंद्या!" पंगतीच्या त्या टोकाहून ओरड आली. "रस्सो आण मरे! कोरडो भात खाव काय आमी?"

वनमालानं टोपली कमरेवर घेतली, बादली उचलली आणि स्वतःच तिकडे चालायला लागली.